पाटण्याचा बातमीदार, मोबाईलमधलं क्रिकेट आणि आपल्या मुलींची कबड्डी

परवा रात्री साडेदहाला एक फोन आला. नाव सांगत नाही. चिपळूणच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारे गृहस्थ आहेत. थोडी कलमं, एक रिक्षा, मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. म्हणाले, "दादा, पोरगा म्हणतोय मुंबईला स्पोर्ट्स मीडियाचा कोर्स करायचाय. फी साडेचार लाख. रिक्षाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. तो म्हणतो, एक साधा पत्रकार होता, तो आज आख्खं आयपीएल चालवतो. तुम्ही पण पत्रकार. हे खरं आहे का?"

"तुम्ही पण पत्रकार" यावर मी दोन मिनिटं गप्पच बसलो. वीस वर्षं या धंद्यात आहे आणि अजून सेकंडहँड गाडीवर फिरतोय. म्हटलं, दोन दिवस द्या, नीट सांगतो. आता सांगायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे एकट्या त्यांच्यासाठी नाही. आपल्याकडे प्रत्येक वाडीत असा एक तरी पोरगा आहे. म्हणून इथे लिहितोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

पोरगा ज्यांच्याबद्दल बोलत होता ते उदय शंकर. बिहारचा माणूस. जेएनयूमध्ये शिकले, पाटण्यात टाइम्स ऑफ इंडियासाठी राजकीय बातमीदारी केली. नंतर 'डाउन टू अर्थ' या पर्यावरणावरच्या मासिकात काम केलं. तिथून टीव्हीच्या बातम्यांत आले, 'आज तक'च्या सुरुवातीच्या काळात वृत्तविभागाची धुरा सांभाळली. २००४ मध्ये स्टार न्यूजचे प्रमुख झाले आणि २००७ मध्ये आख्ख्या स्टार इंडियाची सूत्रं त्यांच्या हातात आली. म्हणजे पोरगा खोटं बोलत नाही. एक बातमीदार खरंच तिथवर पोचला. फक्त "आयपीएल चालवतो" हे चूक. आयपीएल बीसीसीआयचं. हे दाखवायचा हक्क विकत घेतात.

हा हक्क म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे कलमांना मोहोर आला की व्यापारी बाग करारानं घेतो. आंबा अजून धरलेला नाही, पण पैसे ठरले. मग अवकाळी पडो, तुडतुडे येवोत, नफा-तोटा त्याचा. मालकानं पैसे घेतले, तो निवांत. क्रिकेटमध्ये मालक म्हणजे बीसीसीआय. व्यापारी म्हणजे टीव्ही आणि ॲपवाले. आणि पाच वर्षांचा मोहोर एकदम विकला जातो. उदय शंकर यांची सगळी कारकीर्द एका वाक्यात सांगायची तर असं: मोहोर बघून बागेची किंमत करणं त्यांना इतरांपेक्षा आधी जमलं.

आता आकडे. हे महत्त्वाचे आहेत, वगळू नका.

२०१२ मध्ये स्टारनं भारताच्या घरच्या सामन्यांचे हक्क ३,८५१ कोटींना घेतले. त्याच वर्षी ईएसपीएनसोबतची भागीदारी संपवून क्रीडा वाहिन्यांचा धंदा पूर्णपणे स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये, वर्ल्डकपच्या तोंडावर, हॉटस्टार हे ॲप आणलं. तेव्हा जिओ आलेलं नव्हतं हे लक्षात घ्या. आपल्याकडे एक जीबी डेटा आपण महिनाभर पुरवून वापरायचो. घाटाखाली उतरलं की रेंज जायची. अशा वेळी लोक मोबाईलवर मॅच बघतील यावर पैसे लावणं हा जुगारच होता. त्याच महिन्यात स्टारच्या एका कंपनीनं आयपीएलचे फक्त डिजिटल हक्क तीन वर्षांसाठी घेतले. किंमत ३०२ कोटी. म्हणजे वर्षाला शंभर कोटी.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा झाला. बरोबर एक वर्षानं, ४ सप्टेंबर २०१७ रोजी, मुंबईत आयपीएलचा पाच वर्षांचा लिलाव झाला. तो किस्सा सांगण्यासारखा आहे. नियम असा होता की भारतातली टीव्ही, भारतातलं डिजिटल, परदेशातले वेगवेगळे भाग यांसाठी वेगवेगळी बोली लावा. किंवा सगळ्याची मिळून एकच बोली लावा. ही एकत्र बोली जर वेगवेगळ्या सर्वोच्च बोलींच्या बेरजेपेक्षा जास्त निघाली, तरच ती जिंकणार. फेसबुकनं एकट्या डिजिटलला ३,९०० कोटी लावले. सोनीनं टीव्हीला ११,०५० कोटी लावले. सगळ्या सर्वोच्च बोलींची बेरीज झाली १५,८१९ कोटी ५१ लाख. स्टारची एकत्र बोली होती १६,३४७ कोटी ५० लाख. सोळा हजार कोटींच्या सौद्यात अंतर जेमतेम ५२८ कोटींचं. म्हणजे समोरचे सगळे मिळून काय किंमत करतील याचा अंदाज इतका जवळ बसला होता.

पुढे डिस्नीनं स्टार घेतलं. उदय शंकर डिस्नीचे आशिया-पॅसिफिकचे अध्यक्ष झाले आणि २०२० च्या अखेरीस बाहेर पडले. नंतर जेम्स मरडॉक यांच्यासोबत बोधी ट्री ही गुंतवणूक कंपनी काढली आणि त्या कंपनीनं रिलायन्सच्या व्हायकॉम १८ मध्ये पैसे घालायचं ठरवलं. म्हणजे काल ज्या दुकानात गल्ल्यावर बसत होते, त्याच्या समोरच्या दुकानात भागीदार म्हणून आले.

जून २०२२ चा लिलाव झाला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी टीव्ही डिस्नी स्टारकडे गेलं, २३,५७५ कोटींना. भारतातलं डिजिटल व्हायकॉम १८ नं घेतलं, २३,७५८ कोटींना. परदेशातले धरून एकूण ४८,३९० कोटी. मोबाईल पहिल्यांदाच टीव्हीच्या पुढे गेला. सात वर्षांपूर्वी वर्षाला शंभर कोटींना गेलेली बाग आता वर्षाला पावणेपाच हजार कोटींना गेली.

आणि २०२३ मध्ये जिओ सिनेमानं ते फुकट दाखवलं. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितलं. बारा भाषांत, मराठीतसुद्धा. आपला केदार जाधव मराठीत समालोचन करत होता, तिथूनच बंगळुरूच्या संघानं त्याला खेळायला बोलावून घेतलं. त्या वर्षीच्या फायनलला एका वेळी ३ कोटी २० लाख लोक ॲपवर होते. तिकडे हॉटस्टारचे पैसे भरणारे ग्राहक वर्षभरात सहा कोटींवरून चार कोटींच्या खाली आले. क्रिकेट गेलं तसे ग्राहक गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही दुकानं एक झाली. जिओस्टार ही ७० हजार कोटींची कंपनी तयार झाली. नीता अंबानी अध्यक्ष, उदय शंकर उपाध्यक्ष. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही ॲप एकत्र करून जिओहॉटस्टार आलं आणि फुकट संपलं. थोडा वेळ बघा, मग वर्गणी भरा, नाहीतर अमुक रिचार्ज मारा. कंपन्यांनी हजारो कोटी घातलेत, ते कुठून तरी निघायला हवेतच. तक्रार त्याची नाही.

आता मला काय वाटतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे श्रेय. मी या माणसाला कधी भेटलेलो नाही, पण त्याचं एक काम मी आपल्या तालुक्यात डोळ्यांनी बघितलं आहे. ते म्हणजे कबड्डी. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. कल्पना चारू शर्मा आणि आनंद महिंद्रा यांची, पण ती घराघरांत पोचवली स्टारनं. पुढच्याच वर्षी स्टारनं ती चालवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. आपण ज्याला गावकीचा, मंडळांचा, मातीतला खेळ म्हणत होतो, तो मॅटवर आला. चढाईला तीस सेकंद, सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी 'करो या मरो'. टीव्हीवर बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे असं गणित बसवलं. पहिल्या मोसमात ४३ कोटींवर लोकांनी ती बघितली. आयपीएलच्या खालोखाल.

आणि खेळाडूंना काय मिळालं? २०१४ च्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०२३ मध्ये पवन सेहरावत, २ कोटी ६० लाख. २०२४ मध्ये पुणेरी पलटण जिंकली तेव्हा कप्तान होता आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी बर्लिनला जगासमोर कबड्डी खेळून दाखवली होती. बुवा साळवींनी आयुष्य घातलं या खेळात. पण आमच्या पिढीत कबड्डी खेळणाऱ्या पोराला घरातून एकच वाक्य ऐकायला मिळायचं, "गुडघे फुटले की कोण विचारणार?" २०१४ नंतर ते वाक्य कमी ऐकू यायला लागलं. हे श्रेय द्यायलाच हवं. यात हातचं राखून बोलणं खोटेपणा होईल.

दुसरं, जे त्याच खेळात राहून गेलं. २०१६ मध्ये स्टारनं बायकांची कबड्डी करून बघितली होती. 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' नाव होतं. तीनच संघ. एका संघाची कप्तान आपली मुंबईची अभिलाषा म्हात्रे. फायनल २४-२३, एका गुणानं सुटली. यापेक्षा चुरस आणखी काय पाहिजे? पण तो एकच मोसम झाला. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताचं शंभरावं पदक आलं, ते कोणाचं होतं? महिला कबड्डी संघाच्या सुवर्णाचं. तैपेईविरुद्ध २६-२५. देशाला शंभरावं पदक देणाऱ्या मुलींची लीग एका मोसमात बंद झालेली होती.

"बायकांचे सामने कोण बघतं" असं कोणी म्हणेल. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले. घेतले कोणी? व्हायकॉम १८ नंच. दोन नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्डकप जिंकला, तेव्हा आपल्या बाजारपेठेत रात्री फटाके फुटले की नाही? सांगलीच्या स्मृती मानधनाचा फोटो आज पोरींच्या दप्तरावर आहे. कोणीतरी पैसे लावले, चिकाटीनं दाखवलं, तेव्हा लोकांनी बघितलं. हॉटस्टारलाही पहिल्या वर्षी फायदा झाला म्हणून कोणी चालू ठेवलं नव्हतं. मोहोरावर विश्वास ठेवला होता. तो विश्वास कबड्डीच्या पोरींवर ठेवला गेला नाही, एवढंच माझं म्हणणं.

तिसरी गोष्ट पत्रकार म्हणून सांगतो. बातमीदार माणूस वर पोचला याचा मला आनंद आहे. पण तो जिथे पोचला तिथे बातमीदारी उरते का? सामना दाखवणारी कंपनी ही बीसीसीआयची गिऱ्हाईक. पुढच्या लिलावात पुन्हा त्याच दारात उभं राहायचंय. मग तुमच्या पडद्यावर बोर्डाच्या कारभारावर प्रश्न कोण विचारणार? २०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना समालोचनातून वगळलं, कारण जाहीरपणे कोणी सांगितलं नाही. कोणा एकाला दोष देत नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. आपण मात्र समजून असावं की सामन्याआधी आणि नंतर कोट-टाय घालून जे बोलतात ती क्रीडा पत्रकारिता नाही. तो खेळाचा कार्यक्रम आहे. चांगला असतो, मीही बघतो. पण आंब्याचा भाव ठरवणाऱ्या व्यापाऱ्यालाच आंबा गोड आहे का ते विचारू नये.

आणि आता व्यापारी एकच मोठा उरलाय. २०१७ ला स्टार, सोनी, फेसबुक, एअरटेल, जिओ असे सगळे मैदानात होते. २०२२ ला दोन मोठ्यांत चुरस होती, म्हणून भाव चढला. ते दोघे आता एका घरात आहेत. स्पर्धा आयोगानं या विलीनीकरणाला अटी घालून मंजुरी दिली, ती उगाच नाही. २०२७ नंतरचा लिलाव कसा होतो ते बघू. बोली कमी आली तर बोर्डाचं नुकसान, ते सोसतील. पण वर्गणी किती ठेवायची हे ठरवताना समोर दुसरं दुकान नसेल, तर नुकसान आपलं.

"दूरदर्शन आहे की" असं आमचे काका म्हणतात. आहे, पण किती? २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, केबलवाल्यांकडे जाणार नाही. मोबाईल या हिशेबात कुठेच नाही. आणि बघणारी पिढी तर मोबाईलवर आहे. ज्याच्या रिचार्जमध्ये बसत नाही, त्या पोरानं सामना कुठे बघायचा? तो बघतो टेलिग्रामवरच्या चोरीच्या लिंकवर, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

जाहिरातींचंही बोलायला हवं. एवढ्या कोटींची बाग घेतली की जो जास्त देईल त्याची जाहिरात. काही वर्षं ती पैसे लावून खेळायच्या ॲपची होती. दर ओव्हरला, आवडत्या खेळाडूंच्या तोंडून. आपल्या तालुक्यात त्यापायी कोणाची किती उधारी झाली, कोणी आईची पाटली ठेवली, हे मी नावांसकट सांगू शकतो, सांगणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला आणि ती दुकानं बंद झाली. पण त्या जाहिराती दाखवणाऱ्यांपैकी एकानंही "आमचं चुकलं" म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. ज्या माणसानं पाटण्यात बातमीदारी करून सुरुवात केली, त्याच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती. कदाचित ती अपेक्षाच चुकीची असेल.

आता स्वतःवर येतो. दुसऱ्याला शहाणपण शिकवून पोस्ट संपवणं सोपं आहे.

मी डिप्लोमा करून या धंद्यात आलो तेव्हा पहिलं काम कबड्डीचं मिळालं होतं. रात्रीचे सामने, हॅलोजनचे दिवे, धुरळा. दोन वाजता संपायचे, सकाळी मी एसटीच्या पार्सलनं बातमी पाठवायचो. तेव्हा कॉलमच्या सेंटीमीटरवर मानधन होतं. म्हणून बातमी लांबवायची असायची. लांबवायची कशी? पाहुण्यांची नावं घालून. उद्घाटक कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, आभार कोणी मानले. ती नावं छापली की ते लोक दहा-दहा अंक घ्यायचे. चढाई कोणी केली, पकड कोणी केली, ते शेवटच्या ओळीत, जागा उरली तर.

गेल्या वर्षी एक बाई भेटायला आल्या. पस्तिशीतल्या असतील. शाळकरी मुलगी सोबत होती. म्हणाल्या, "सर, २०११ ला पवन तलावावर आमची फायनल झाली होती. तुम्ही आला होतात. शेवटच्या चढाईत मी तीन गुण आणले होते. माझी पोरगी आता खेळते, तिला विश्वासच बसत नाही. ते कात्रण मिळेल का?" माझ्या वह्या, कात्रणं, सगळं २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलं. हे त्यांनाही माहीत होतं, त्यांचंही बरंच काही गेलं होतं. तरी मी ओळखीच्या एका ग्रंथालयात जुने अंक शोधले. बातमी सापडली. माझ्याच हातची. पाहुण्यांची अकरा नावं होती. विजेत्या संघाचं नाव होतं. त्या बाईंचं नाव कुठेच नव्हतं.

त्यांना फोन करून काय सांगायचं ते मला दोन दिवस सुचत नव्हतं. शेवटी खरं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे सर." ते "असू दे" अजून डोक्यातून जात नाही.

म्हणजे पोरींची लीग एका मोसमात बंद केली म्हणून मी मोठ्या कंपनीला बोल लावतोय, आणि इथे माझ्या हातात पेन होतं तेव्हा मी काय केलं? माझा हिशेबही तोच होता, जो जास्त अंक घेईल त्याचं नाव आधी. आकडे लहान होते एवढंच.

पण एक गोष्ट बदलली आहे आणि ती चांगली आहे. आपल्या गावच्या कबड्डीचं, टेनिस बॉल क्रिकेटचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. दोन पोरं, एक कॅमेरा, बांबूला बांधलेला माईक, कोणाच्या तरी घरचं वायफाय. शिमग्यानंतरचे सामने विरार, नालासोपारा, डोंबिवलीतले चाकरमानी रात्री जागून बघतात. खाली कमेंट येतात, "अरे हा आपल्या भाऊचा पोरगा ना?" एका वाडीच्या फायनलला मी स्वतः बघितलं, एका वेळी चार हजारांवर माणसं होती. त्या वाडीत घरं आहेत साठ.

स्पोर्ट्स डिजिटल मीडिया म्हणतात तो हाच की. तो आपल्या अंगणात चालू आहे आणि आपण पोराला तो शिकायला साडेचार लाख देऊन बाहेर पाठवतोय. प्रश्न एवढाच आहे की या पोरांना मंडळं पैसे किती देतात? जेवण, टोपी आणि बॅनरवर नाव. मंडपवाल्याचे पैसे आधी, डीजेचे पैसे आधी, शूटिंगवाल्या पोरांना "नंतर बघू". आणि मुलींचे सामने? दुपारी तीनला, उन्हात, कॅमेरा यायच्या आधी. रात्री दिव्याखाली पुरुषांचे. दिल्ली-मुंबईच्या नावानं बोटं मोडण्याआधी हे आपल्याला उद्या बदलता येईल.

म्हणून मंडळांना माझी हात जोडून विनंती, तीनच गोष्टी. एक, स्पर्धेच्या बजेटमध्ये प्रक्षेपण करणाऱ्यांचे पैसे लिहा आणि ते आगाऊ द्या. दोन, मुलींची फायनल रात्री, पुरुषांच्या फायनलच्या लगेच आधी ठेवा, त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यासमोर. तीन, गुणपत्रिकेवर प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव आणि गाव लिहा आणि तिचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा. पाहुण्यांची यादी पाठवली नाही तरी चालेल. मी वचन देतो, या पानावर खेळाडूंची नावं आधी येतील. पुन्हा पूर आला तरी जाणार नाही अशा ठिकाणी ठेवीन.

आता त्या वडिलांना उत्तर. काल फोन केला होता. त्यांना म्हटलं, उदय शंकर खरे आहेत, पण त्यांनी साडेचार लाखांचा क्रीडा व्यवस्थापनाचा कोर्स केला म्हणून ते तिथे पोचले नाहीत. आधी वर्षानुवर्षं बातमीदारी केली, लोक काय बघतात, काय वाचतात, कशावर चिडतात ते बघितलं. दैवही होतं, योग्य वेळी योग्य ठिकाणी होते. देशात असे एक-दोनच होतात. त्यांच्या खाली जी हजारो पोरं काम करतात, ती रात्री अकरा ते सकाळी सात बसून सामन्याच्या चित्रफितींचे तुकडे कापत असतात. ते वाईट काम नाही. पण त्यासाठी रिक्षा गहाण टाकू नका.

त्यांनी विचारलं, "मग पोराला सांगू काय?"

मी म्हटलं, त्याला म्हणावं, या मोसमात आपल्या भागातल्या पाच स्पर्धा दाखव. समालोचन कर, गुण लिहायला शीक, कॅमेऱ्याची केबल स्वतः ओढ, जाहिरातीसाठी दुकानं फिर, मंडळाकडून पैसे वसूल करून दाखव. शेवटचं जमलं तर तो उदय शंकर यांच्याही पुढे जाईल. पाच स्पर्धांनंतरही हौस टिकली, तर सरकारी विद्यापीठातला पत्रकारितेचा अभ्यासक्रम करावा, तो परवडण्यासारखा असतो. फॉर्म भरायला मी बसतो सोबत.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "दादा, तो इथंच आहे, ऐकतोय सगळं. विचारतोय, पहिली स्पर्धा कधी आहे?"

पुढच्या पंधरवड्यात वरच्या वाडीत आहे. मुलींचे चार संघ येणार आहेत. मंडळाच्या पोरांनो, फायनल रात्री नऊला ठेवताय ना? कमेंटमध्ये सांगा.